चालू लाईनचा वेल्डर

९ फेब्रुवारी २०२५

लागला एकदाचा फोन! अकरा दिवसांनी. मध्ये मध्ये तुटत होता, पण आवाज इंद्रजीतचाच.

(पानावर नाव लिहिते आणि एकेरी लिहिते. तोंडानं कधी घेत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. चारचौघांत 'हे'. इथं कोण बघायला बसलंय!)

शेंगाचटणी संपली म्हणे. तीन किलो दिली होती! "एकटा कुटं खातोय, थॉमस बी खातोय की," म्हणाला. थॉमस केरळचा, ह्याच्या खोलीतला. त्याला आपली चटणी आवडली एवढं ऐकून माझा राग गेला. मी ही अशी.

मग तिकडचं सांगायला लागला. नायजेरिया, नायजेरिया म्हणून आपण इथं मिरवतो, पण — "ऋतू, हितं जमिनीखाली तेलच तेल, आन् गावात लाईट न्हाय. खाडीत मासा न्हाय, नुसता तवंग. बंदुका मातर लई. लष्कराच्या येगळ्या, कंपनीच्या येगळ्या, खाडीतल्या टोळ्यांच्या येगळ्या. समदी त्या तेलावरच जगत्यात." टोळ्या कंपनीच्या पाइपलाइनला चोरून भोक पाडतात, तिथं तोटी बसवतात आणि तेल बोटीत भरून विकतात. त्या पैशाच्या बंदुका घ्यायच्या आणि बंदुकांच्या जोरावर पुढची चोरी. गेल्या महिन्यात एक टोळी तोटी बसवताना जळाली, बोटीसकट. "चालू लाईन असती की. आत तेल व्हातंय आन् वरनं वेल्डिंग. बंद करा म्हणून कुणाला सांगणार?"

मी म्हटलं, पुरे! जेवलात का ते सांगा.

फोन ठेवला आणि चटणीसाठी शेंगा भाजायला घेतल्या.

१० फेब्रुवारी

कारखान्यात चित्त नव्हतं. मी चेकिंगला असते, दोन टॉवेल सुट्या धाग्यांसकट तसेच पुढे गेले. सुपरवायझर बोलला. बोलू दे.

मी इथं चिंचोळीजवळ खोलीवर राहते, सासरचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. सासरे होते तेव्हा सांगायचे — धरण झालं, पाणी दारात आलं आन् भावकी गेली. आधी सगळे सारखेच कोरडे, कोण कुणाशी भांडणार? पाणी आलं तशा मोटारी आल्या, पाइप आले. कुणाच्या रानातून कुणाचा पाइप न्यायचा यावरून सख्खे चुलते कोयते घेऊन उभे राहिले. एकाची तीन बोटं गेली. तो म्हातारा अजून पारावर बसतो, डाव्या हातानं तंबाखू मळतो. पाण्यावरून कोयता निघतो, तर तेलावरून काय निघत असेल हे कळायला मला पुस्तक नको.

आणि त्या पाइपांनीच इंद्रजीतला वेल्डर केलं. उन्हाळ्यात पाइप गळतो, वीज असते तेवढेच तास, मोटार बंद ठेवून कुणाला परवडत नाही. म्हणून हा चालू पाण्यातच वेल्डिंग करतो. गळतीवर नळीचा आखूड तुकडा उभा धरायचा, पाणी त्यातून वर उडू द्यायचं, भोवतीनं वेल्ड मारायचा आणि शेवटी वरून बूच आवळायचं. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून! मला बघवत नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या मल्लप्पा मिस्त्रींनी त्याला आपल्या वेल्डिंग शॉपात घेतला तो हेच बघून. मिस्त्री अक्कलकोटकडचे, निम्मं कानडी बोलतात. "ह्येचा कै बंगारा हाय, बंगारा!" हात सोन्याचा आहे म्हणे. सोन्याचा होता तर इथंच ठेवायचा ना. माणसं परदेशी पाठवणाऱ्या मुंबईच्या ऑफिसवाल्यांना मिस्त्रींनीच नाव सुचवलं.

११ फेब्रुवारी

इंद्रजीतचा वाढदिवस, म्हणून रजा टाकून गावी आले. नवरा नायजेरियात आणि फ्लेक्स गावच्या फाट्यावर!

उद्योग भावजींचा. पृथ्वीराज, धाकटे दीर. त्यांना ग्रामपंचायतीला उभं राहायचंय, त्यामुळे घरात कुणाला साधी शिंक आली तरी फ्लेक्स. फोटो माझ्याकडूनच नेला होता, लग्नातला. फ्लेक्सवाल्यानं मान तेवढी घेतली आणि कोटटायवाल्या धडावर बसवली. डोळ्यांवर काळा चष्मा. मागे हेलिकॉप्टर. वर मराठीत 'उजनीचा ढाण्या वाघ' आणि खाली इंग्रजीत, ह्या एवढ्या अक्षरांत — जनरल मॅनेजर, ऑईल कंपनी, नायजेरिया!

मी म्हटलं, "अहो भावजी, ते वेल्डर आहेत."

"असू द्या की वैनी! वेल्डर म्हणून कोण फ्लेक्स लावतंय व्हय?"

खरं लिहू? आवडलं मला. दोन बायका थांबून बघत होत्या, तर मी मुद्दाम तिथंच ओढणी सारखी करत उभी राहिले. फोटो काढून इंद्रजीतला पाठवला. पोट धरधरून हसला असणार, हसण्याच्या बाहुल्यांची एक ओळच आली. आणि लगेच स्वतःच्या व्हॉट्सॲपला तोच फोटो लावला त्यानं.

१७ फेब्रुवारी

सकाळी मुंबईच्या ऑफिसातून फोन. प्रभु म्हणून साहेब आहेत, ह्याला तिकडं पाठवणारे तेच. आवाज अगदी हळू. म्हणाले, काल कामावर नेणारी बोट खाडीत अडवली. पाच माणसं नेली. तीन तिकडचे, एक थॉमस आणि एक इंद्रजीत.

मी विचारलं, नेली म्हणजे?

नेली म्हणजे नेली.

१८ फेब्रुवारी

भीती वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२० फेब्रुवारी

आत्या आल्या गावाहून, भावजी सोडून गेले. आत्या म्हणजे सासूबाई, बजाबाई. आल्यापासून माझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसून आहेत, आत या म्हटलं तरी येत नाहीत. तिथून रस्ता दिसतो म्हणतात. नायजेरियाहून माणूस काय चिंचोळीच्या रस्त्यानं चालत येणार आहे! मग मीही थोडा वेळ तिथंच बसले.

"माणूस नेऊन काय करत्यात गं त्येचं?"

"पैसे मागतात आत्या. कंपनीकडून."

"मग द्यावं की कंपनीनं. एवढं तेल काढती."

कलेक्टर ऑफिसात अर्ज दिलाय, त्यांनी तो पुढं दिल्लीला पाठवला. प्रभु म्हणतात, तिकडच्या तिघांना सोडलंय, ही चांगली खूण आहे. पेपरात जाऊ नका, कुणाला सांगू नका. सगळ्या गावाला माहीत आहे! फाट्यावर जनरल मॅनेजर अजून हेलिकॉप्टरपुढं उभा आहे.

२१ फेब्रुवारी

आज दोनदा जेवले. आत्यांसाठी.

२७ फेब्रुवारी

दुपारच्या सुट्टीत मोबाइल वाजला. इंद्रजीतचा नंबर! डबा सांडला, भाजी सगळी टेबलावर, तशीच बाहेर पळाले.

दुसराच माणूस. इंग्रजी, पण आमच्या बारावीच्या पुस्तकातलं नव्हे. चार शब्दांतला एक कळत होता. 'हजबंड. नेम.' नाव विचारत होता. आणि माझ्या तोंडातून नाव निघेना! तो ओरडला तशी मीही ओरडले — इंद्रजीत! इंद्रजीत! दारातल्या बायका बघायला लागल्या. सहा वर्षांनी घेतलं ते कुणापुढं घेतलं!

तो हसला. म्हणाला, 'ओगा.' परत परत तेच. 'युवर हजबंड ओगा. बिग ओगा.' फोन बंद. आणि मिनिटभरात फोटो आला.

फ्लेक्सचा.

प्रभुंना विचारलं. ओगा म्हणजे साहेब.

१ मार्च

थॉमस सुटला. एकटा.

प्रभुंनी सगळं समजावून सांगितलं, मी भिंतीला टेकून ऐकलं. साध्या कामगाराचा एक भाव असतो, साहेबाचा दुसरा. कंपनी सांगतेय की हा आमचा मॅनेजर नव्हे, वेल्डर आहे. टोळीवाले म्हणतात, लपवताय. त्यांच्याकडे फोटो आहे — कोट, टाय, हेलिकॉप्टर. "एवढा मोठा बोर्ड वेल्डरसाठी कोण लावेल, मॅडम?" प्रभुंचाच प्रश्न आहे की त्यांचा, मी विचारलं नाही.

भावजींना फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या ग्रामपंचायतीच्या पायी माझा नवरा मेला तर त्याचाही फ्लेक्स लावा म्हटलं. फोटो मी दिला होता आणि रुबाबात उभी मी राहिले होते, हे नाही बोलले.

संध्याकाळी चुलत नणंदेचा फोन आला. भावजींनी कोयता घेऊन फ्लेक्स फाडला आणि तिथंच फाट्यावर बसून रडले. लोक बघत होते म्हणे. बघू देत.

४ मार्च

थॉमसशी बोलले, हिंदीत. भला माणूस. आधी चटणीचं बोलला, मग बाकीचं.

पोरंच आहेत म्हणाला, अठरा-वीस वर्षांची. बंदूक खांद्यावर, पायात फाटक्या चपला. एकाचा बाप मासे पकडायचा. खाडीत तेल आलं, मासा गेला, बाप गेला. पोरगा टोळीत आला कारण टोळीत दोन वेळ जेवण आहे. आणि टोळीच्या वर आणखी कोणीतरी आहे, त्याला थॉमसनं बघितलं नाही, नुसती मोठी बोट बघितली. वाईट वाटायला हवं. वाटत नाही. माझ्याकडं जागाच नाही.

इंद्रजीतला खुर्ची देतात. थॉमसला जमिनीवर आणि ह्याला खुर्ची, साहेब म्हणून! तो सारखा सांगतो, वेल्डर, वेल्डर. ते हसतात आणि त्याला 'ओगा' म्हणून सलाम ठोकतात. पण शेवटच्या दिवशी सलाम ठोकला नाही कुणी, थॉमस म्हणाला. एकानं खुर्चीला लाथ घातली.

मी विचारलं, लागलं का त्यांना? थॉमस म्हणाला, दीदी, मी निघालो होतो, मागे वळून बघितलं नाही.

९ मार्च

फोन नाही. आत्या रस्ता बघतात, मी मोबाइल बघते.

१३ मार्च

होळी. आमच्याकडे पोळी नाही. शेजारच्या बसम्मा काकूंनी ताट आणून ठेवलं, आत्यांनी झाकून ठेवलं.

प्रभुंनी पुरावे मागवले. ट्रेडचं सर्टिफिकेट, चिंचोळीचा गेटपास, शॉपातले फोटो. "फक्त आम्हाला पाठवा. आमचा माणूस बोलतोय त्यांच्याशी. परस्पर त्या नंबरवर काहीही पाठवू नका, मॅडम. काहीही." तीनदा सांगितलं. हो म्हटलं. सगळं शोधून दुपारपर्यंत पाठवलं. गेटपासवरचा फोटो किती गरीब आहे इंद्रजीतचा! केस तेल लावून चपटे. हा फोटो फ्लेक्सवर असता तर आज घरी असता.

१६ मार्च

आवाज आला त्याचा. नऊ सेकंद.

"ऋतू, बुधवारपत्तोर कंपनीनं साहेबाचं पैसं दिलं न्हाईत तर माज्या — " आणि तुटला.

माझ्या काय? माझ्या काय! पन्नास वेळा ऐकलं. आत्यांना ऐकवलं नाही. बुधवार म्हणजे एकोणीस. तीन दिवस. प्रभुंना लावला तर म्हणतात, पुरावे पोचलेत, त्यांच्या वरच्या माणसाकडे जाताहेत, धीर धरा. कागद जाताहेत! कागदावर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी एवढा मोठा फ्लेक्स बघितलाय, त्यापुढं शिक्क्याचा चिठोरा काय!

मला मल्लप्पा मिस्त्रींच्या मोबाइलमधला व्हिडिओ आठवला. गेल्या उन्हाळ्यातला.

१७ मार्च

अर्धी रजा टाकून शॉपात गेले. मिस्त्रींनी व्हिडिओ काढून दाखवला. उजनीकाठचा पाइप, पाणी पुरुषभर उंच उडतंय आणि त्यात माझा नवरा, बनियनवर, कमरेपर्यंत चिखल. तुकडा उभा करतो, वेल्ड मारतो, ठिणग्या पाण्यात पडतात, मग बूच आवळतो आणि पाणी थांबतं. काठावरचे टाळ्या वाजवतात. भावजी शिट्टी मारतात. तो मान वर करून हसतो, दात तेवढे पांढरे.

मला रडू आलं तिथंच, लोखंडाच्या ढिगाजवळ.

मिस्त्री म्हणाले, "मुंबईच्या सायबानं मागितलाय काय ह्यो?"

मी म्हटलं, हो, आणि माझ्या मोबाइलवर घेतला.

खोटं बोलले. बाहेर येऊन, गेटजवळच्या चहाच्या टपरीवर उभी राहून, सरळ इंद्रजीतच्या नंबरवर पाठवून दिला. खाली लिहिलं — माय हजबंड. नो ओगा. वेल्डर. बघा म्हणावं डोळे फाडून! असा चिखलात उभा राहतो का कुठला जनरल मॅनेजर?

पाच मिनिटांत दोन निळ्या खुणा आल्या. मग प्रश्न आला. 'वॉटर रनिंग?' पाणी चालू होतं का?

मी लिहिलं — येस! रनिंग! आत्तापर्यंत कुणी धड काही विचारलंच नव्हतं. पटतंय त्यांना, वाटलं.

उत्तरात नुसता अंगठा आला.

१८ मार्च

भीती. पण आज जरा वेगळी, आशेतली. ही जास्त वाईट. चपाती तव्यावर जळाली, आत्यांनी तशीच खाल्ली.

१९ मार्च

बाहेर रंगपंचमी, पोरं ओरडतायत, प्रत्येक ओरडण्याला मी दचकतेय. चार वाजता प्रभुंचा फोन.

मानलं त्यांनी! तो साहेब नाही हे मानलं! पैशाची मागणी एकदम सोडली, "अचानक, मॅडम, आम्हालाही नवल वाटतंय." मारलेलं नाही. नीट आहे. जेवतोय. कधी सोडणार ते अजून बोलत नाहीत, पण मागणीच नाही तर ठेवून करतील काय?

व्हिडिओचं प्रभुंना सांगितलं नाही. सांगेन. आधी घरी येऊ दे, मग शिव्या खाईन हौसेनं.

आत्या उंबऱ्यातून उठल्या! आत येऊन चहा टाकला. त्यांच्या हातचा चहा महिन्यानं. भावजींना कळवलं, ते फोनवर रडायला लागले. मग नाक ओढत म्हणतात, "वैनी, सुखरूप परतले म्हणून एक छोटा फ्लेक्स — "

"खबरदार!"

"न्हाय, नुसतं म्हणलं."

किती दिवसांनी हसले. पोट दुखलं.

२० मार्च

कामावर जाताना मल्लप्पा मिस्त्रींकडे पेढे घेऊन गेले. मुलाचं बारसं असल्यासारखी मी! खोटं बोलल्याचंही सांगून टाकलं, पाया पडले. व्हिडिओ परस्पर पाठवला, आणि बघा, त्यानंच काम झालं.

ते म्हणाले, "त्येनी काय इचारलं काय, बघून?"

मी मोबाइल दाखवला. 'वॉटर रनिंग', माझं येस, त्यांचा अंगठा.

मिस्त्रींनी दोनदा वाचलं. मग शॉपातली ग्राइंडर बंद करायला सांगितली आणि परत एकदा वाचलं. पेढा हातातच राहिला त्यांच्या. साखर असेल त्यांना, म्हणून मी आग्रह केला नाही.

२३ मार्च

सकाळी आवाज आला. इंद्रजीतचा. अठरा सेकंद.

"ऋतू, मी साहेब न्हाय हे पटलं बग त्यांना. पैसं नको म्हणत्यात आता. तू धाडलेला व्हिडिओ समद्यांनी बघितला. काल बोटीतनं वेल्डिंगचं मशीन आणलंय, नवीन हाय. मी म्हणलं, आदी लाईन बंद करा. तर हसत्यात. म्हणत्यात, तुला चालू लाईनवर जमतं की."